नळी विरारहून निघते तेव्हा

विरारपासून नायगावपर्यंत कुठल्याही स्टेशनाबाहेर सकाळी सातच्या सुमारास चक्कर मारली, तर उपाशीपोटी आलेली माणसं पॅथॉलॉजीच्या दुकानवजा खोलीत बाकावर बसलेली दिसतात. पाटीवर ‘लॅब’ असं लिहिलेलं असतं, पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी रक्त फक्त घेतलं जातं. साध्या तपासण्या जागेवर होतात आणि बाकीच्या नळ्या थंड पेटीत भरून मुंबईच्या किंवा नवी मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे रवाना होतात. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर येतो. मधल्या वेळात नळीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. थायरॉइड किंवा कोलेस्टेरॉलपुरतं ते विचारलं नाही तरी फारसं बिघडत नाही.

या प्रकरणात ज्या तपासणीची गोष्ट आहे, तिथे मात्र त्या मधल्या वेळावर बरंच काही ठरतं. रक्तात फिरणाऱ्या मायक्रोआरएनए नावाच्या अतिसूक्ष्म रेणूंवरून जठर, आतडं, यकृत किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग ओळखायचा, असा हा प्रयत्न आहे. कल्पना भक्कम आहे आणि तिच्यामागचं विज्ञान नोबेलच्या तोलाचं आहे. तरीही ती वसई-विरारच्या माणसाच्या उपयोगी पडेल की नाही, हे दोन अगदी साध्या गोष्टींवर ठरणार आहे: नळीची हाताळणी आणि साधा त्रैराशिकाचा हिशेब.

आधी गरज कुठून आली ते पाहू. पोटातले कर्करोग लपून बसण्यात तरबेज असतात. तोंडात गाठ आली तर आरशात दिसते, स्तनातली हाताला लागते. जठरातली गाठ महिनोन्‌महिने ‘ॲसिडिटी’ या नावाखाली खपून जाते. मोठ्या आतड्यातून रक्त पडलं तर घरीच निदान होतं, ‘मूळव्याध असेल’. स्वादुपिंडाचा कर्करोग तर कावीळ होईपर्यंत सहसा पत्ताच लागू देत नाही. शेवटी कुणीतरी डॉक्टर दुर्बीण घालून बघायला सांगतो, तुकडा काढून तपासणीला जातो आणि घरात हलक्या आवाजात बोलणं सुरू होतं की टाटाला न्यावं लागेल. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तेव्हापासून पश्चिम रेल्वेच्या पट्ट्यात ‘टाटा’ म्हटलं की कुठला आजार, हे वेगळं सांगावं लागत नाही. विरारहून दादरपर्यंत लोकल, पुढे परळ, ओपीडीची रांग, पुन्हा तारीख. हे सगळं टाळता यावं, किंवा निदान वेळेत तरी सुरू व्हावं, म्हणून एका सुईवर भागणारी तपासणी कुणाला नको आहे?

अशा तपासण्या पूर्वीपासून आहेतच. १९६५ मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात सापडणारं सीईए हे प्रथिन शोधलं. पुढे सीए १९-९ आलं. दोन्ही आज ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात सर्रास दिसतात आणि दोन्ही त्या कामासाठी योग्य नाहीत. सीईए बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढलेलं असतं. सीए १९-९ पित्ताच्या खड्यांमुळे झालेल्या काविळीत वर जातं. उलट काही माणसांच्या शरीरात जन्मतःच ते तयार होत नाही, मग कर्करोग असला तरी आकडा वाढणार कुठून? निदान झालेल्या रुग्णावर उपचार लागू पडतोय का, हे पाहायला ही दोन्ही उत्तम. धडधाकट माणसाच्या रक्तात कर्करोग हुडकायला जवळजवळ निरुपयोगी. तरीही ती विकली जातात.

या पार्श्वभूमीवर मायक्रोआरएनएचं आकर्षण कळतं. गोष्ट सुरू होते एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीपासून. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोन अमेरिकन शास्त्रज्ञ त्याची वाढ कशी होते ते पाहत होते. लिन-४ हे जनुक बिघडलं की कृमीची वाढ चुकते, हे माहीत होतं. पण त्या जनुकातून कुठलंच प्रथिन तयार होईना. तयार होत होता तो आरएनएचा फक्त २२ अक्षरांचा तुकडा. तो दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला जाऊन चिकटत होता आणि त्यापासून प्रथिन बनणं रोखत होता. १९९३ मध्ये दोघांचे लेख ‘सेल’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. दखल जेमतेमच घेतली गेली, कारण सगळ्यांना वाटलं की हे त्या कृमीचं काहीतरी विशेष खूळ असावं. २००० मध्ये लेट-७ नावाचा दुसरा असाच रेणू सापडला आणि तो माशीपासून माणसापर्यंत सगळ्यांत निघाला. मग मात्र सगळे धावले. माणसात असे हजाराहून जास्त रेणू आहेत. २०२४ मध्ये दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

कर्करोगाशी त्यांचा संबंध २००२ मध्ये जुळला. जॉर्ज कालिन आणि कार्लो क्रोचे यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात मिर-१५ आणि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए बऱ्याच रुग्णांत नाहीसे किंवा कमी झालेले आढळले. पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारे रेणू गेले की काय होणार, ते उघड आहे. काही मायक्रोआरएनएंचं वागणं याच्या उलट. मिर-२१ हा त्यांतला सगळ्यात बदनाम. जठर, आतडं, स्वादुपिंड, कुठलीही गाठ घ्या, तो बहुधा वाढलेला सापडतो.

पण हे सगळं गाठीतलं झालं. रक्तात आरएनए शोधायचा म्हणजे वेडेपणा, अशीच समजूत होती, कारण रक्तात आरएनएचे तुकडे करणारी विकरं मुबलक असतात. कोरोनाच्या काळात आपण सगळेच आरटीपीसीआर आणि सीटी व्हॅल्यूचे जाणकार झालो. नमुना नीट राखला नाही तर आरएनए नष्ट होतो, हेही तेव्हा कानावर आलं. २००८ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या मुनीश तिवारी यांच्या गटाने ही समजूत मोडली. त्यांनी प्लाझ्मा २४ तास खोलीच्या तापमानाला ठेवला, आठ वेळा गोठवला आणि वितळवला. आतले मायक्रोआरएनए जवळजवळ जसेच्या तसे राहिले. प्रयोगशाळेत बनवलेले तसेच रेणू बाहेरून घातले, ते मात्र झटपट नाहीसे झाले. म्हणजे रक्तातले रेणू उघडे फिरत नव्हते, त्यांना कसलं तरी कवच होतं. ते काय होतं, हे लवकरच कळलं. काही मायक्रोआरएनए पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये असतात, बरेचसे आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाला घट्ट बिलगून असतात, तर काही चक्क एचडीएलवर, म्हणजे आपल्या ‘चांगल्या कोलेस्टेरॉल’वर, स्वार होऊन फिरतात. २००८ मध्येच चीनच्या नानजिंग विद्यापीठातूनही सीरममधल्या मायक्रोआरएनएविषयी असेच निष्कर्ष आले.

हा चिवटपणा आपल्याकडेही उपयोगी पडला आहे, फक्त रक्तात नव्हे. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा केंद्राच्या संशोधन संस्थेत नीलम शिरसाट यांच्या गटाने मुलांच्या मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे उपप्रकार मायक्रोआरएनएवरून ओळखण्याची पद्धत बसवली. त्यासाठी वापरले ते बायोप्सीचे मेणात जतन केलेले ठोकळे. अशा ठोकळ्यांत लांब आरएनएची पार मोडतोड झालेली असते. २२ अक्षरांचा तुकडा मुळातच इतका आखूड, की तो तगून राहतो. कुठल्या मुलाला कमी तीव्रतेचे उपचार पुरतील, याच्या विचारात अशा वर्गीकरणाला महत्त्व आहे. महाराष्ट्रात मायक्रोआरएनए रुग्णाच्या इतक्या जवळ आल्याची उदाहरणं थोडी आहेत, म्हणून विषय पोटाचा असूनही हे सांगितलं. पण इथे एक फरक लक्षात घ्यावा. ठोकळ्यातला रेणू कुठल्या गाठीतला, हे आधीच ठाऊक असतं. रक्तात ती सोय नाही.

आता आपल्या नळीकडे वळू. रक्तात सगळ्यात जास्त संख्येने असतात त्या तांबड्या पेशी. त्यांच्या पोटात मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात, मिर-९२ए सुद्धा भरपूर. सुई नीट बसली नाही, सिरिंजमधून रक्त जोराने नळीत सोडलं, नळी खळाखळा हलवली, ती उन्हात तापली किंवा गोठली, किंवा प्लाझ्मा वेगळा न करता तासन्‌तास तशीच पडून राहिली, की काही तांबड्या पेशी फुटतात. प्लाझ्मा किंचित गुलाबी दिसतो, कधी तेवढाही दिसत नाही. आणि आतले मायक्रोआरएनए बाहेर येतात. आता आधी सांगितलेला चिवटपणा उलटतो. बाहेर आलेले हे उपरे रेणूही तितकेच टिकाऊ असतात आणि मशीनमध्ये इमानेइतबारे मोजले जातात.

हाँगकाँगच्या एका गटाने २००९ मध्ये आतड्याच्या कर्करोगाची खूण म्हणून पुढे आणलेल्या रेणूंमध्ये हाच मिर-९२ (म्हणजे मिर-९२ए) होता. पुढे २०१२ मध्ये, २००८ चा शोध लावणाऱ्या तिवारींच्याच गटाने एक सावधगिरीचा लेख लिहिला: कर्करोगाची खूण म्हणून छापून आलेले बरेच मायक्रोआरएनए मुळात रक्तपेशींतले आहेत आणि त्यांचा आकडा पेशींच्या संख्येनुसार व फुटण्यानुसार खालीवर होतो. आपल्याच शेताच्या बांधावर धोक्याची पाटी लावणारे संशोधक मला फार मोलाचे वाटतात. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे कितीतरी अभ्यासांत ‘स्थिर मापदंड’ म्हणून मिर-१६ वापरला गेला होता. ज्याच्याशी तुलना करायची, तोच पेशी फुटल्या की वाढणार!

बरं, नळी कुठली, हाही प्रश्न आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठत नाही आणि त्यातून प्लाझ्मा मिळतो. साध्या नळीत ते गोठतं आणि सीरम मिळतं, पण गोठताना प्लेटलेट्स स्वतःकडचे मायक्रोआरएनए त्यात सोडतात. हिरव्या टोपणातलं हेपारिन हे रेणू मोजणाऱ्या पीसीआरच्या क्रियेलाच अडथळा आणतं. म्हणजे त्याच माणसाचं, त्याच सकाळचं रक्त तीन नळ्यांत घेतलं तर आकडे तीन येऊ शकतात. त्यावर उपाय नाहीत असं नाही: ठरावीक नळी, ठरावीक तासांत दोनदा सेंट्रिफ्यूज, आणि मिर-४५१ ची मिर-२३ए शी तुलना करून पेशी फुटल्या का याची तपासणी. संशोधनाच्या प्रयोगशाळेत हे रोज होतं. नालासोपाऱ्याच्या कलेक्शन सेंटरपासून दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत, मे महिन्यात, दुचाकीच्या डिकीतून जाणाऱ्या नळीसाठी ते कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

समजा हेही जमलं. तरी मिर-२१ वाढला म्हणजे नेमकं काय? चर्चगेटला उतरलेल्या गर्दीकडे बघून कोण विरारला चढलं आणि कोण बोरिवलीला, हे सांगता येत नाही, तसंच रक्तातल्या रेणूचं. मिर-२१ आतड्याच्या गाठीतून आला असेल, फुप्फुसातून आला असेल किंवा नुसत्या सुजेतूनही. म्हणून संशोधक एका रेणूवर न थांबता संच बनवू लागले. अमेरिकेतले अजय गोयल आणि त्यांचे सहकारी सीरममधल्या मिर-२१ वरून आतड्याच्या कर्करोगाच्या अभ्यासात पुढे होते. २०११ मध्ये शांघायच्या झोंगशान रुग्णालयाने यकृताच्या कर्करोगासाठी सात मायक्रोआरएनएंचा संच मांडला, ९३४ लोकांवर तपासून. त्या सातांपैकी मिर-८०१ हा पुढे मायक्रोआरएनएच नाही, दुसऱ्याच एका आरएनएचा तुकडा आहे, असं ठरून अधिकृत यादीतून वगळला गेला. संच तरीही काम करत होता! हे वाचून हसावं की काळजी करावी ते ठरत नाही. एखादी खूण कशी चालते हे न कळताही ती चालू शकते, पण बिघडली तर का बिघडली हेही मग कळत नाही.

या सगळ्यात बरंच पुढे पोचलं ते सिंगापूर. तिथल्या मिरझेस कंपनीच्या गॅस्ट्रोक्लिअर या जठराच्या कर्करोगाच्या रक्ततपासणीला २०१९ मध्ये सिंगापूरच्या आरोग्य नियामकाची मान्यता मिळाली. १२ मायक्रोआरएनएंचा हा संच सिंगापूर आणि कोरियातल्या पाच हजारांहून अधिक लोकांवर तपासला गेला आणि अभ्यास २०२१ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात आला. अभ्यासाच्या अखेरच्या टप्प्यात, कर्करोग असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ८७ पकडले गेले आणि कर्करोग नसलेल्या १०० पैकी सुमारे ६८ जणांना ‘नाही’ असं बरोबर सांगितलं गेलं. सीईए आणि सीए १९-९ पेक्षा हा संच कितीतरी सरस ठरला. प्रामाणिक, मोठा, नीट आखलेला अभ्यास.

आता हाच संच वसईत आणला असं धरून हिशेब करू. एका शिबिरात चाळिशीपुढची १०,००० माणसं आली. त्यांतल्या पाच जणांना जठराचा कर्करोग आहे असं मानू. हा आकडा मी मुद्दाम सढळ हाताने धरला आहे, कारण हा कर्करोग देशात सर्वाधिक आढळतो तो मिझोरममध्ये, कोकणपट्टीत तो तुलनेने कमीच. पाचांपैकी चार पकडले जातील, एकाला ‘सगळं ठीक’ असा कागद मिळेल. उरलेल्या ९,९९५ पैकी ३२ टक्के, म्हणजे जवळजवळ ३,२०० निरोगी माणसांना ‘पॉझिटिव्ह’ सांगितलं जाईल. चार रुग्णांसाठी ३,२०० एंडोस्कोपी, ३,२०० घरांत धास्ती, आणि विरार लोकलमध्ये फाइल छातीशी धरून उभी असलेली तेवढीच माणसं. सिंगापूरला ही तपासणी परवडते, कारण तिथे हा कर्करोग जास्त आहे, तपासलेले लोक जास्त जोखमीचे होते आणि एंडोस्कोपीची सोय हाताशी आहे. सगळ्यांचीच एंडोस्कोपी करण्याऐवजी तिसऱ्या हिश्श्याची केली, तर तिथे ती बचत ठरते. आपल्याकडे तो नवा बोजा ठरेल. तपासणी तीच, पण गर्दी बदलली की तिचा अर्थ बदलतो.

त्यासाठी आपल्या गर्दीत आजार किती, हे आधी मोजलेलं असावं लागतं. मुंबईत ही मोजणी १९६३ पासून आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केलेली ती देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी. पण ती बृहन्मुंबईच्या रहिवाशांची. तिची हद्द दहिसरला संपते. नालासोपाऱ्याचा माणूस परळला उपचार घेतो, पण मुंबईच्या आकड्यात धरला जात नाही. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा २०१४ मध्ये, आणि २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एवढ्या मोठ्या शहराने आपल्या आजारांची मोजणी शेजाऱ्याच्या वहीवर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चकचकीत किटच्या आधी ही वही हवी.

तपासणी खरी कामाची आहे की नाही, हे ठरवायचं कसं, याचा धडा याच महाराष्ट्राने जगाला दिला आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. आठ वर्षं वाट पाहिली. २००९ मध्ये निकाल आला: एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. तिथे ‘किती टक्के अचूक’ यावर कुणी थांबलं नाही. किती बायका वाचल्या, ते मोजलं गेलं. मायक्रोआरएनएच्या एकाही तपासणीने पोटाच्या कर्करोगात ही परीक्षा अजून दिलेली नाही.

रक्तावरून कर्करोग शोधण्याच्या शर्यतीत इतरही धावताहेत आणि त्यांची गल्लत करू नये. नाशिकची दातार कॅन्सर जेनेटिक्स रक्तातल्या गाठीच्या पेशी शोधते. अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळालेली शील्ड ही आतड्याच्या कर्करोगाची तपासणी डीएनएवर चालते. शील्ड कर्करोग १०० पैकी ८३ जणांत पकडते, पण ज्यातून तो पुढे उद्भवतो ते मोठे मोड, म्हणजे पॉलिप, फक्त १३ टक्क्यांत. मोड वेळेत काढून टाकला तर त्यातून कर्करोग होतच नाही, आणि ते काम अजून तरी दुर्बीणच करते.

मायक्रोआरएनए मोडीत काढावेत, असं यातून मी म्हणत नाही. शस्त्रक्रियेनंतर गाठ परत येतेय का, दुर्बिणीच्या रांगेत आधी कुणाला घ्यावं, अशा कामांत त्यांना जागा मिळेल असं मला वाटतं, कारण तिथे नमुने एकाच रुग्णालयात, एकाच पद्धतीने घेता येतात. मोठ्या शिबिरात, दूरवर जाणाऱ्या नळीत, त्यांची वेळ अजून आलेली नाही. सरकारच्या तपासणी कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. पोटाचे नाहीत, म्हणजे इथे जबाबदारी ज्याची त्याची.

तेव्हा शिबिरात कुणी ‘कॅन्सरची रक्ततपासणी’ पुढे केली तर पैसे काढण्याआधी विचारा: कोणत्या कर्करोगाची, रक्तातला प्लाझ्मा किती तासांत वेगळा करणार, आणि पॉझिटिव्ह आलं तर पुढची दुर्बीण कोण करणार. उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या. आणि शौचातून रक्त पडत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, घास अडकत असेल, पन्नाशीच्या आसपास पोटाची सवय अचानक बदलली असेल किंवा रक्त सतत कमी निघत असेल, तर मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका, कुठल्या मार्करचीही वाट पाहू नका. डॉक्टरांकडे जा; त्यांनी सांगितलं तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी तपासणी करून घ्या आणि दुर्बिणीला घाबरू नका.